वीतभर डबा आणि वाणीचं तप



आजचा श्लोक: भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक १५.

काल शरीराचं तप झालं. आज भगवंत वाणीवर येतात. श्लोकाचा अर्थ साध्या शब्दांत असा: ज्या बोलण्याने ऐकणाऱ्याच्या मनात खळबळ माजत नाही, जे खरं आहे, ऐकायला प्रिय आहे आणि ज्यात त्याचं हित आहे, असं बोलणं, आणि जोडीला स्वाध्यायाचा नित्य सराव, याला वाणीचं तप म्हणतात.

वाचायला सोपं आहे. पण गेल्या रविवारी सत्संगानंतर चहा घेताना एका मुलीने मला नेमकं अडवलं. ती म्हणाली, "ताई, खरं पण हवं आणि प्रिय पण हवं, हे जमणार कसं? मैत्रीण स्वतः काढलेलं चित्र दाखवते. चित्र बरं नाहीये. खरं बोलले तर ती दुखावते, गोड बोलले तर मी खोटी ठरते. गप्प बसले तर म्हणते, तुला काही पडलेलीच नाही." तिथल्या तिथे मी तिला फारसं काही सांगू शकले नाही, कारण पाच जण एकदम बोलत होते. म्हणून आज सविस्तर लिहिते आहे, आणि उदाहरण घेते आहे माझ्या आतेभावाच्या छोट्या आगगाडीचं. हसू नका. या एका श्लोकातले सगळे शब्द कसाला लागलेले मी तिथे पाहिले आहेत.

आधी थोडी ओळख. मॉडेल रेल्वे म्हणजे खऱ्या रेल्वेची प्रमाणात लहान केलेली प्रतिकृती. सगळ्यात जास्त चालतं ते प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. खरी वस्तू ८७ पट लहान. आपला नेहमीचा निळा आयसीएफ डबा बफर धरून सव्वाबावीस मीटरच्या आसपास लांब असतो, तो या प्रमाणात साधारण साडेपंचवीस सेंटिमीटर होतो. म्हणजे वीतभर आणि वर थोडा. पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. तुमच्यापैकी कित्येक जण शाळेच्या सहलीला तिथे गेले असतील. माझ्या आतेभावाला हे वेड तिथेच लागलं, लहानपणी. आत्या म्हणायची, मोठा झाला की उतरेल. उतरलं नाही.

आता तो डोंबिवलीत वन बीएचकेमध्ये राहतो. जागा नाही, म्हणून सहा फूट बाय दोन फुटांची एक प्लायवूडची फळी केली आहे, जी रात्री दिवाणाखाली सरकते. त्या फळीवर बोरघाट. म्हणजे अख्खा घाट नाही, एक बोगदा, एक वळण आणि चढ. खऱ्या घाटातला सगळ्यात कडक चढ ३७ ला १ आहे. तोच त्याने धरला आहे, त्यामुळे सहा फुटांत फळी जेमतेम पाच सेंटिमीटर वर जाते. डोळ्याला तेवढंही जाणवतं. डब्यांचे सांगाडे ३डी प्रिंट करून घेतलेले, इंजिन परदेशी कंपनीचं आणि त्यावर आपला रंग चढवलेला. दोन वर्षं चाललं होतं. गणपतीच्या आधी त्याने तीन फोटो काढले आणि याच छंदातल्या लोकांच्या ग्रुपवर पाठवले. मलाही पाठवले.

आलेली उत्तरं त्याने मला नंतर दाखवली. ती श्लोकाशेजारी ठेवून बघू.

पहिली वीसेक उत्तरं होती "मस्त रे", "भारी", "एक नंबर" आणि हात जोडलेले इमोजी. ही प्रिय आहेत. खोटी आहेत असंही नाही म्हणता येणार. पण हित? वीस लोकांनी बघितलं आणि त्या मुलाच्या हाती पुढच्या रविवारी करण्यासारखं काहीही पडलं नाही. यात कुणाचा दोष नाही, आपण सगळे दिवसभर हेच करतो. फक्त श्लोकाच्या चार अटींपैकी दोनच पुऱ्या झाल्या एवढं लक्षात ठेवू. अर्ध्या मापाचं दूध घेऊन आपण कधी घरी येत नाही, शब्दांच्या बाबतीत मात्र चालवून घेतो.

एकाने लिहिलं, "गेज चुकलंय." हे शंभर टक्के खरं होतं. बाजारात मिळणारा एचओचा रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचा असतो. ८७ ने गुणलं की १४३५ मिलिमीटर येतात, तो युरोप-अमेरिकेतला प्रमाण गेज. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे १:८७ मध्ये रूळ सव्वाएकोणीस मिलिमीटर हवा. पावणेतीन मिलिमीटरचा फरक. भारतीय गाड्या करणाऱ्या जवळपास प्रत्येकाला तो माहीत असतो आणि जवळपास प्रत्येक जण तो पोटात घालतो, कारण रूळ, चाकं, सांधे, इंजिनं, सगळं तयार मिळतं ते १६.५ चं. आता हे वाक्य त्या मुलाला काय देतं? दोन वर्षांचं काम उखडून टाक, एवढंच. हेच वाक्य दोन वर्षांपूर्वी, त्याने पहिला रूळ विकत घ्यायच्या आदल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर ते हिताचं ठरलं असतं. सत्य तेच, पण वेळ गेल्यावर त्यातलं हित निघून जातं. भगवंतांनी सत्य आणि हित हे दोन वेगळे शब्द वापरले आहेत त्याचं कारण मला इथे कळलं. दोन्ही आपोआप एकत्र येत असते तर एकच शब्द पुरला असता.

आणि मग एक उत्तर होतं: "खेळणं वाटतंय. आधी अभ्यास कर, मग टाक."

फळी त्या रात्री दिवाणाखाली गेली आणि दुसऱ्या दिवशी कपाटामागे भिंतीला उभी राहिली. गणपती झाले, नवरात्र झालं, तिच्यावर चादर होती. आत्याने मला फोनवर सांगितलं, "अगं, तो हल्ली रविवारी नुसता झोपून असतो."

लिहिणारा माणूस वाईट असेल असं मला वाटत नाही. कदाचित तो ऑफिसातून वैतागून लोकलमध्ये उभा असेल. पण श्लोकातला पहिलाच शब्द उद्वेगाचा आहे, हे बघा. सत्य नंतर येतं, प्रिय नंतर येतं, हित नंतर येतं. सगळ्यात आधी अट ही की बोलणं समोरच्याला ढवळून काढणारं नसावं. ढवळलेल्या पाण्यात तळ दिसत नाही. ज्याचं मन असं ढवळलं, त्याला चूक दाखवूनही ती दिसणार कशी?

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, जी फोटोच्या बाबतीत फार कमी लोकांच्या लक्षात येते. मॉडेल हे दोन-तीन फुटांवरून बघायचं असतं. करणारा माणूस नुसत्या डोळ्यांनी काम करतो. फोटो मात्र आपण बोटांनी मोठा करतो. वीतभर डबा स्क्रीनवर पसरला की डिंकाचा थेंब, केसाएवढी फट, रंगात अडकलेला धुळीचा कण, सगळं दिसतं. जे करणाऱ्याने कधी बघितलंच नाही ते बघणाऱ्याला पहिल्या सेकंदात दिसतं, आणि त्याला वाटतं, एवढं साधं याला कळू नये! अहो, कळेल कसं? तुम्ही भिंगातून बघताय, तो बिचारा डोळ्यांनी. दुसऱ्याच्या आयुष्याकडे बघताना आपलं असंच होतं. त्याचा एक क्षण आपल्यापर्यंत येतो आणि तो आपण मोठा करून बघत बसतो.

म्हणून बोलण्याआधी विचारावं. ज्ञानेश्वरीच्या सतराव्या अध्यायात माउली या श्लोकावर बोलताना शेवटी जे सांगतात ते मला सगळ्यात जास्त आवडतं. त्यांचं म्हणणं असं की कुणी विचारलं तर असं हिताचं बोलणं व्हावं, आणि कुणी विचारलं नाही तर वेदांची आवर्तनं करावीत किंवा नाम घ्यावं. म्हणजे न विचारता सल्ला देण्याची जी ऊर्मी येते, तिची सोयही त्यांनी लावून दिली आहे! तोंड उघडायचंच आहे ना, मग विठ्ठल म्हण. (मी हे ऑफिसच्या मीटिंगमध्ये करून बघते. उपयोग होतो.)

आता शेवटचं उत्तर. ते त्या वाईट उत्तरानंतर दोन दिवसांनी आलं, सगळ्यांसमोर नाही, त्याला एकट्याला. अमेरिकेत राहणारे एक निवृत्त मराठी गृहस्थ आहेत, तिथल्या मॉडेल रेल्वे क्लबात बरीच वर्षं आहेत. त्यांनी लिहिलं, "फोटो पाहिले. एक-दोन गोष्टी सुचवल्या तर चालेल का?" बस, एवढंच. माझ्या भावाने उत्तर दिलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, टोचलं नाही. ते थांबले.

दिवाळीच्या साफसफाईला कपाट हललं, फळी बाहेर आली. त्या रात्री त्याने लिहिलं, "काका, सॉरी, उशीर झाला. सांगा ना."

काकांचं उत्तर मी त्याच्या फोनवर वाचलं. आधी त्यांनी बोगद्याच्या दगडाबद्दल लिहिलं होतं, की सह्याद्रीचा बेसॉल्ट ओला झाल्यावर जसा काळपट दिसतो तसा नेमका रंग आला आहे, तो कसा केलास ते मला सांग. म्हणजे स्तुती आणि त्यात खरी उत्सुकता. मग लिहिलं होतं: "रुळाखालच्या खडीकडे माझा डोळा अडतो. एक काम कर. दहा दाणे पट्टीवर एका ओळीत ठेव आणि लांबी बघ."

त्याने ठेवले. वीस मिलिमीटर. म्हणजे एक दाणा दोन मिलिमीटरचा. ८७ ने गुणा: १७४ मिलिमीटर. खऱ्या रुळाखाली असते ती खडी जास्तीत जास्त ६५ मिलिमीटरची. त्याच्या घाटात रुळाखाली खडी नव्हती, धोंडे होते. १:८७ ला पाऊण मिलिमीटरच्या आतला दाणा हवा. गाडी खेळण्यासारखी का दिसत होती ते त्याला पट्टीकडे बघताना कळलं. आणि गंमत म्हणजे ते वाईट उत्तर देणाऱ्यालाही हेच दिसलं असणार. बघणं दोघांचं बरोबर होतं. एकाने "खेळणं" म्हणून सोडून दिलं. दुसऱ्याने ते कशामुळे वाटतं याचा शोध स्वतः घेतला आणि मगच तोंड उघडलं.

काकांनी पुढे उपायही लिहिला होता. खडी चाळून घे. रव्याच्या चाळणीतून खाली पडेल आणि मैद्याच्या चाळणीवर राहील तेवढीच वापर. (आत्याची मैद्याची चाळण तेव्हापासून स्वयंपाकघरात परतलेली नाही.) फेव्हिकॉल पाण्यात पातळ कर, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाक, म्हणजे ते दाण्यांवर थेंब होऊन न बसता आत मुरेल. आणि जुनी खडी? "पाण्याने भिजव, थोडा वेळ थांब, हळूच खरवड. निघते. माझीही मी एकदा अशीच काढली आहे."

त्यातल्या "निघते" या शब्दाने माझ्या भावाला उभं केलं असं मला वाटतं. चूक दाखवणाऱ्याने ती सुधारता येते हेही त्याच दमात सांगितलं.

माउली याच श्लोकावर परिसाचा दृष्टांत देतात. परीस लोखंडाचं सोनं करतो, पण लोखंडाचा तुकडा तोडत नाही, त्याचं वजन घटवत नाही. तसं जवळच्याला न दुखवता सुख व्हावं असं बोलणं. मी हा दृष्टांत कितीदा वाचला असेल, पण "वजन घटवत नाही" यावर कधी थांबले नव्हते. आपण सुधारणा सुचवतो तेव्हा बहुतेक वेळा आधी समोरच्याचं थोडं वजन घटवतो, त्याला थोडा लहान करतो. या काकांनी त्याला एक कणही लहान केलं नाही. उलट त्यालाच पट्टी घेऊन मोजायला लावलं, म्हणजे चूक शोधण्याचा मानही त्यालाच दिला.

त्यापुढचा दृष्टांत पाण्याचा. पाणी घालतात झाडाला, पण वाटेतलं गवतही जगतं. एकाला सांगितलेलं हिताचं बोलणं असं सगळ्यांच्या कामी येतं. इथे शब्दशः तसंच झालं. भावाने दहा दाण्यांचा फोटो पट्टीसकट सगळ्यांना पाठवला, आणि आणखी तिघांनी आपापली खडी मोजून बघितली. त्यांच्याबद्दल कुणी काही बोललंच नव्हतं. त्यांना दुखवायचा प्रश्नच आला नाही आणि त्यांचंही काम सुधारलं.

काकांना हे असं बोलायला कुठून आलं असेल? थोडं त्यांच्या स्वभावातून, थोडं शिस्तीतून. अमेरिकेत नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन नावाची संस्था १९३५ पासून आहे. त्यांच्याकडे कुणी मॉडेल परीक्षणाला ठेवलं तर एकूण १२५ गुण असतात आणि ते वाटलेले असतात: बांधणीला ४०, बारकाव्यांना २०, खऱ्या रेल्वेशी जुळण्याला २५, रंगकाम आणि अक्षरांना २५, आणि स्वतः घडवलेल्या भागांना १५. ८७.५ मिळाले की मेरिट अवॉर्ड. मला यातले आकडे नाही, वाटणी महत्त्वाची वाटते. परीक्षकाला "आवडलं नाही" असं लिहायला तिथे रकानाच नाही. बांधणीत काय, रंगात काय, ते वेगळं सांगावं लागतं. आणि करणाऱ्या माणसाला किती गुण, असा रकाना तर कुठेच नाही. त्याच लोकांत रिव्हेट काउंटर असा एक चेष्टेचा शब्दही आहे, म्हणजे दुसऱ्याच्या इंजिनावरचे रिव्हेट मोजत बसणारा. मला मात्र रिव्हेट मोजणाऱ्यांबद्दल थोडी माया वाटते. स्वतःच्या इंजिनावरचे मोजत असेल तर तो स्वाध्यायच आहे.

श्लोकात शेवटी हा स्वाध्याय का आला, असा प्रश्न मला पूर्वी पडायचा. वाणीच्या तपात वाचन-अभ्यासाचं काय काम? काकांच्या उत्तरात ते दिसलं. ज्याने स्वतः गुडघे टेकून खडी पसरली आहे, चुकवली आहे, भिजवून काढली आहे, त्याच्याच बोलण्यात "निघते" हा शब्द येऊ शकतो. अभ्यास नसेल तर माणसाकडे फक्त मत उरतं.

आता घेणाऱ्याच्या बाजूने. निंदक शेजारी असावा असं आपल्याकडे म्हणतात. असेल बापडा, पण तो नुसता शेजारीच असावा, पाटावर बसवायची गरज नाही असं माझं मत. पाटावर गोरोबाकाकांना बसवावं. ती गोष्ट तुम्हाला माहीत आहे. संत जमले होते, मुक्ताईने गोरोबाकाकांच्या हातातल्या थापटण्याकडे बघून विचारलं की हे कशासाठी. ते म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते बघायला. मग आमचीही परीक्षा करा, असं ती म्हणाली, आणि काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं हाणलं. सगळे शांत बसले, नामदेव रागावले, आणि मडकं कच्चं ठरलं.

आपण ही गोष्ट नामदेवांना हसण्यासाठी सांगतो, ते मला पटत नाही. नामदेवांनी विचारलं होतं कुठे? विचारलं मुक्ताईने. सगळ्यांसमोर डोक्यात थापटणं बसलं आणि वर कच्चा म्हणाले, तर कुणालाही लागेल. ते रुसून विठ्ठलाकडे गेले, तक्रार केली. पण पुढे बघा काय केलं. विठ्ठलाने सांगितलं तसे ते विसोबा खेचरांकडे औंढा नागनाथला गेले. आधी लागलं, मग रडले, मग शिकायला गेले. या क्रमात पहिल्या दोन पायऱ्या आहेत म्हणून तिसरी कमी होत नाही. तुम्हाला कुणी काही सुचवलं आणि डोळ्यांत पाणी आलं, तर लगेच स्वतःला कच्चं मडकं म्हणू नका. आठवडा जाऊ दे. माझ्या भावाचे तर दोन महिने गेले.

आणि कुंभार मडकं घडवताना बघितला आहे का कधी? बाहेरून थापटणं मारतो तेव्हा आतून दुसऱ्या हाताने आधार धरलेला असतो. आतला हात नसेल तर ओली माती फुटेल. तो आतला हात ज्याचा आहे, त्याचं थापटणं खावं.

यावरून शेवटचा प्रसंग, जो मला खरं तर सांगायचा होता.

माझ्या आत्याचे यजमान रेल्वेत ड्रायव्हर होते. शेवटची बरीच वर्षं कर्जतला, बँकर इंजिनावर. मुंबईहून पुण्याकडे जाणारी गाडी घाट चढायच्या आधी कर्जतला थांबते, मागे बँकर लागतात आणि गाडीला ढकलत वर नेतात. आपण तेव्हा वडापाव घेत असतो. काका त्या मागच्या इंजिनात असायचे. निवृत्तीनंतर मुलाचा हा उद्योग त्यांनी दोन वर्षं घरात बघितला आणि एक अक्षर काढलं नाही. चांगलं नाही, वाईट नाही. माझ्या भावाने ते मनाला लावून घेतलं होतं. बाबांना हा पोरखेळ वाटतो असं तो धरून चालला होता. बोरघाटच का निवडला, हे त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. मी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं.

दिवाळीत नवी खडी टाकल्यावर त्याने पुन्हा फोटो काढला. काका सोफ्यावर बसले होते. त्याने फोन त्यांच्या हातात दिला आणि म्हणाला, "बाबा, बघा ना. कसं वाटतंय?" पहिल्यांदाच विचारलं. दोन वर्षांत त्यानेही कधी विचारलं नव्हतं!

काकांनी चष्मा लावला. फोटो मोठा केला, डावीकडे सरकवला, उजवीकडे सरकवला. बराच वेळ. मग म्हणाले, "बँकर कुठायत?"

तो म्हणाला, "म्हणजे?"

"अरे, पुढे एकच इंजिन दाखवलंयस, मागे कोणीच नाही. ही गाडी चढायची नाही."

आत्या म्हणाली, "अहो, पोराने एवढं केलंय, जरा चांगलं तरी म्हणा." पण माझ्या भावाचा चेहरा बघायला हवा होतात. तो फळी घेऊन बाबांसमोर जमिनीवरच बसला. रात्री एक वाजेपर्यंत काका त्याला कागदावर रेघा मारून दाखवत होते. ठाकूरवाडी इथे, मंकी हिल तिथे, उतरताना गाडी सुटली तर तिला वळवायला कॅच सायडिंग कुठे, ब्रेक तपासायला थांबा कुठे. आमच्या कुटुंबात या माणसाला कुणी एवढं बोलताना ऐकलेलं नाही.

आता सत्संगातली ती मुलगी विचारेल, "ताई, यात प्रिय काय होतं? त्यांनी तर सरळ चूकच काढली." माउली हिताच्या बोलण्याला अमृताच्या नदीची उपमा देतात. ती मिळाली तर प्राणाला अमर करते, अंघोळ केली तर पाप-ताप घालवते, आणि शिवाय गोडही लागते. क्रम बघ. गोडी सगळ्यात शेवटी आली आहे, वर मिळालेली. काकांच्या चार शब्दांत साखर नव्हती. पण त्यांनी फोटो एवढा वेळ बघितला होता, त्या गाडीला खरी गाडी धरलं होतं. खेळण्याला बँकर लागत नाहीत. "ही गाडी चढायची नाही" असं माणूस खऱ्या गाडीबद्दलच म्हणतो, आणि त्या मुलाला दोन वर्षं नेमकं हेच ऐकायचं होतं.

तुझ्या मैत्रिणीच्या चित्राचं काय करायचं, ते आता तूच ठरव. एवढं कर, चित्र आधी नीट वेळ देऊन बघ, आणि तिला विचार, "यातलं तुला स्वतःला काय अडतंय?" बरेचदा तिला ते माहीत असतं आणि तुझं काम सोपं होतं.

परवा भावाचा नवा फोटो आला. मागे दोन बँकर आहेत, रंग अजून द्यायचाय, नुसतं राखाडी प्रायमर. खडी दोन फुटांपर्यंत बारीक झाली आहे, उरलेल्या चार फुटांत धोंडेच आहेत. काकांचं म्हणणं, एवढ्या डब्यांना तिसरा बँकर हवा. भावाचं म्हणणं, तिसरा लावला तर शेवटचा फळीबाहेर लटकेल. वाद चालू आहे.

उद्या श्लोक १६, मनाचं तप. राम कृष्ण हरी.